आधी ताटली उलटी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिरगावातलं आजेसासूबाईंचं घर रिकामं करताना निळ्या-तांबड्या-सोनेरी नक्षीच्या दोन ताटल्या निघाल्या. मागे सहा चिनी अक्षरं आहेत. एका दुकानदाराने पाहताक्षणी "मिंग आहे, पंधराव्या शतकातलं" असं सांगितलं आणि विकत घ्यायचीही तयारी दाखवली. यजमानांची आता दोन वर्षांसाठी नागोयाला बदली झाली आहे. तिथे गेल्यावर जुनी जपानी पोर्सेलीन, म्हणजे पांढऱ्या चिनीमातीची भांडी, जमवायची इच्छा आहे, तर सुरुवात कुठून करावी? आणि या दोन ताटल्या भिंतीवर लावल्या तर चालतील का?

ताटल्या मिंग नाहीत. चिनीही नाहीत. त्या जपानी आहेत, क्युशू बेटावरच्या आरिता भागातल्या. वय साधारण शंभर ते एकशेतीस वर्षं. फोटोवरून एवढं ठाम बोलू नये असं मी इतरांना सांगते, पण तुम्ही पाठीचे फोटो इतके चांगले काढलेत की शंकेला फार जागा उरत नाही. सव्वीस वर्षं जपानी कागदपत्रांची भाषांतरं करून पोट भरतेय आणि जवळजवळ तितकीच वर्षं त्यातले पैसे चिनी मातीत घालतेय. आमच्या घरच्यांच्या मते हे माझं दुसरं भाषांतर.

त्या सहा अक्षरांचा अर्थ "महान मिंग राजवटीत, छंगह्वा काळात घडवलेलं". छंगह्वा म्हणजे १४६५ ते १४८७. दुकानदाराने अक्षरं बरोबर वाचली, एवढं त्याचं श्रेय. पण आरिताचे कारागीर हीच अक्षरं सतराव्या शतकापासून थेट विसाव्या शतकापर्यंत लिहीत आले. त्यात फसवणुकीचा हेतू असायचाच असं नाही. चिनी भांडं म्हणजे उत्तम भांडं, असा समज होता, म्हणून चांगल्या कामाच्या मागे चांगलं नाव घालायचं. आपल्याकडे परवा बांधलेल्या देवळावर 'प्राचीन जागृत देवस्थान' अशी पाटी लागते, त्यातलाच प्रकार. खुद्द चिनी कारागीरही शेकडो वर्षांनंतर छंगह्वाचं नाव घालत होते. तेव्हा शिक्का हा पुरावा म्हणून सगळ्यात शेवटी बघायचा. शिवाय तुमच्या ताटलीवर जो थाट आहे, म्हणजे झिलईखाली गडद निळा आणि वरून विटकरी लाल आणि सोनेरी, तो मुळात सतराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. छंगह्वा बादशहाने तो पाहिलेला असणं शक्य नाही.

आता पाठ बघू. जपानी पोर्सेलीनमध्ये चेहऱ्यापेक्षा पाठ जास्त बोलते. तुमच्या दुसऱ्या फोटोत बुडाच्या आतल्या भागात पाच बारीक खरखरीत ठिपके दिसतात, मोहरीएवढे, जिथे झिलई तुटलेली आहे. सासूबाईंना ते डाग वाटले असं तुम्ही लिहिलंय. ते डाग नाहीत, तीच ताटलीची जन्मखूण. चीनमधल्या जिंगडेझेनचे लोक दोन प्रकारचे खनिज पदार्थ मिसळून माती बनवत. आरिताला मात्र एकच दगड सापडला, इझुमियामा नावाच्या डोंगरातला. तो कुटून, पाण्यात निवळून त्याचीच माती करत. ही माती तेराशे अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पसरट ताटली मध्ये खाली बसायला लागते. म्हणून भट्टीत बुडाखाली मातीचे बारीक सुळके टेकू म्हणून लावत आणि भाजून झाल्यावर ते टिचकावून काढून टाकत. मागे राहतात ते हे ठिपके. चिनी ताटलीला ते सहसा नसतात. लहान जपानी वाटीलाही नसतील, कारण तिला टेकूची गरजच नाही. पण आठ-नऊ इंचांच्या वरची ताटली हातात आली, मागे असे तीन, चार, पाच ठिपके दिसले, तर पहिला अंदाज जपान असा ठेवायला हरकत नाही.

मग बुडाची कडी. घरात लोणच्याची जुनी बरणी असेल तर तिच्या बुडावरून बोट फिरवून बघा, जिथे झिलई नाही तिथे माती हाताला लागते. ताटलीच्या बैठकीच्या कडीवरही तसंच. तिथली माती नुसती पांढरी आहे की राखाडीकडे झुकते, बारीक वाळू चिकटलीय का, झिलई जिथे संपते तिथे केशरी रेघ आली आहे का, हे सगळं तिथेच कळतं. जुन्या भांड्याची कडी शंभर वर्षं लाकडावर घासून गुळगुळीत झालेली असते आणि मळ तिच्यात मुरलेला असतो. नव्याला जुनं करणारे चहाच्या पाण्यात किंवा शू-पॉलिशमध्ये ते बुडवतात. पण तो मळ सगळीकडे सारखा बसतो. खरा मळ असा शिस्तीत बसत नाही.

तुमच्या ताटल्यांचं वय मी कशावरून काढलं? निळ्यावरून. पूर्वीचा आरिताचा निळा हा खनिजातून आलेला कोबाल्ट, त्यात इतर धातूंची भेसळ, म्हणून तो आषाढातल्या ढगासारखा राखाडी-निळा दिसतो, कुठे दाट, कुठे विरळ. १८७० मध्ये गॉटफ्रिड वागेनर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ आरिताला आला आणि त्याने शुद्ध रासायनिक कोबाल्ट वापरायला शिकवलं. त्यानंतरचा निळा म्हणजे कपड्यांना घालायच्या निळीसारखा, जांभळट, सपाट, डोळ्यांवर येणारा. तुमचा निळा तो आहे. त्यात मधली फुलांची टोपली, भोवती पंख्यासारखे कप्पे, कंगोऱ्यांची किनार, ही सगळी मेइजी काळाच्या उत्तरार्धातली, म्हणजे १८६८ ते १९१२ मधल्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांतली ठराविक मांडणी.

मागे 'जपान' किंवा 'निप्पॉन' लिहिलेलं नाही म्हणजे ताटली १८९१ पूर्वीची, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. या नियमाने बरेच जण फसतात. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं आणि १८९१ पासून जपानी मालावर 'निप्पॉन' यायला लागलं. १९२१ नंतर अमेरिकेने त्याऐवजी 'जपान' लिहायला लावलं. पण हा अमेरिकेचा कायदा. मुंबईला येणाऱ्या पेटीला त्याचं काय? घरच्या बाजारासाठी केलेल्या मालावर तर असं काही लिहायचा प्रश्नच नव्हता. नाव असेल तर वयाची एक बाजू पक्की होते, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही.

गिरगावात ही ताटली कशी पोचली याचं एक साधं उत्तर शक्य आहे. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई–कोबे जहाजसेवा सुरू झाली. जमशेटजी टाटांचा त्यात पुढाकार होता. इथून कापूस जायचा आणि परतीच्या जहाजांतून जपानी माल यायचा. तुमच्या आजेसासऱ्यांचे वडील कापडबाजारात मुनीम होते असं तुम्ही लिहिलंय. दोन आणि दोन चार मी करत नाही, पण बेरीज सोपी आहे. मुंबईतल्या जुन्या पारशी, भाटिया, पाठारे घरांतून निघणारी जपानी भांडी पाहण्यात आली आहेत ती बहुतेक याच काळातली.

गोव्याकडच्या मंडळींचाही हा प्रश्न नेहमी असतो, म्हणून जाता जाता: तिथल्या जुन्या घरांतली निळी-पांढरी भांडी बहुतांशी चिनी असतात, कारण १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानमधून हाकललं गेलं, आणि आरिताचा माल मोठ्या प्रमाणावर परदेशी जायला लागला तो १६५० च्या दशकात. तोवर नागासाकीच्या देजिमा बेटावर फक्त डच उरले होते. चीनमध्ये १६४४ ला मिंग सत्ता कोसळली, जिंगडेझेनच्या भट्ट्या विस्कळीत झाल्या आणि युरोपची भूक भागवायला डचांनी आरिताकडे मोर्चा वळवला. १६५९ मध्ये त्यांनी पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. आरिता हे डोंगरातलं एवढंसं गाव. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणारी भांडी तिथे एक-एक करून हाताने रंगवली जात. वेंगुर्ल्याला ज्यांची पडकी वखार उभी आहे ना, तीच ही डच ईस्ट इंडिया कंपनी. माल बोटीत चढायचा तो दहा-बारा किलोमीटरवरच्या इमारी बंदरातून, म्हणून या भांड्यांना नाव पडलं इमारी. इमारीत भांडी घडत होती म्हणून नव्हे. नागपुरी संत्र्यांतली सगळी नागपुरात पिकत नाहीत, तसंच.

हे सारं सुरू कुणी केलं? कोरियन कुंभारांनी. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ दरम्यान कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना सरदारांनी तिथले कुंभार सोबत आणले. त्यातल्या ई साम-प्योंग याला इझुमियामाचा दगड सापडला तो १६१६ मध्ये, असं परंपरा सांगते. आरिताला गेलात तर तो डोंगर बघा. चारशे वर्षं पोखरून आत एक भलामोठा खड्डा तयार झालाय. एक अख्खा डोंगर ताटवाट्या होऊन जगभर गेला. गल्ल्यांतल्या भिंती जुन्या भट्ट्यांच्या विटांनी बांधलेल्या आहेत, त्यांवर वितळलेल्या झिलईचे ओघळ अजून दिसतात. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीचेच फोटो काढत बसले आणि दुकानं बंद झाली.

आता तुमची सुरुवात. नागोयाला जाताय ही चांगली गोष्ट आहे, पण एक लक्षात ठेवा: नागोया हा आरिताचा मुलूख नव्हे. शेजारी सेतो आणि मिनो ही कुंभारकामाची ठिकाणं आहेत. सेतोला हजार वर्षांची कुंभारकामाची परंपरा, पण पोर्सेलीन तिथे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कातो तामिकिची क्युशूला जाऊन विद्या शिकला आणि १८०७ मध्ये परतला. पूर्व जपानात कुठल्याही चिनीमातीच्या भांड्याला 'सेतोमोनो' म्हणतात, एवढा या गावाचा दबदबा. त्यामुळे नागोयाच्या बाजारात निळी-पांढरी ताटली दिसली की विक्रेता 'इमारी' म्हणाला तरी ती सेतो किंवा मिनोची असण्याची बरीच शक्यता. त्यात कमीपणा काही नाही, फक्त दाम इमारीचा देऊ नका.

ओसू कान्नोन देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुना बाजार भरतो. तिथून सुरू करा. पहिले तीन-चार बाजार पैसे घरी ठेवून जा, किंवा फार तर दोन हजार येन खिशात. भांडं उचलायच्या आधी विचारा, दोन्ही हातांनी उचला, आणि टेबलापासून फार वर नेऊ नका. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. विक्रेते हे पाहतात आणि मग तुमच्याशी वेगळं वागतात. घासाघीस चालते पण आपल्यासारखी अर्ध्या किमतीपासून नाही. दोन-तीन नग एकत्र घेऊन थोडं कमी करायला सांगावं, एवढीच.

पहिली खरेदी म्हणून मी सगळ्यांना 'इनबान' सुचवते. मेइजी काळात हाताने रंगवणं परवडेना, तेव्हा छाप्याची भांडी आली. आधी कातरलेल्या कागदाचे छापे, किमोनोच्या कापडावर वापरतात तसे. आपल्याकडचा रांगोळीचा छापा आठवा. छाप्यातली नक्षी सलग असू शकत नाही, जाळी तुटू नये म्हणून मध्ये मध्ये पट्ट्या ठेवाव्या लागतात. म्हणून या भांड्यांवरच्या रेषा ठरावीक जागी तुटतात आणि कप्प्यांच्या जोडावर नक्षी एकमेकींवर चढते. नंतर तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर आणि कागदावरून भांड्यावर उतरवायची पद्धत आली, त्यात रेषा केसासारख्या बारीक, पण जोड तिथेही चुकतो. कारागिराने घाईत कागद तिरका चिकटवलेला, सशाचं डोकं एका बाजूला आणि धड दुसरीकडे. मला ही भांडी भारी आवडतात. लहान ताटली पाचशे ते दीड हजार येनला मिळते, त्यामुळे चूक झाली तरी शिकवणी स्वस्तात पडते, आणि ती रोज वापरता येते. आमच्याकडे कोशिंबीर याच ताटल्यांत असते. मुख्य म्हणजे हाताची रेघ आणि छाप्याची रेघ यांतला फरक डोळ्यांत बसतो. तो बसल्याशिवाय पुढच्या पायरीला जाऊ नये.

पुढची पायरी 'सोबाचोको'. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, त्या बुडवून खायच्या पातळ सॉसचा हा कप, वर रुंद, खाली जरा निमुळता, मुठीत मावेल एवढा. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ मध्ये, ते अगणित बनले आणि नक्ष्या इतक्या की आयुष्य पुरणार नाही. जागा कमी लागते, हाही मुंबई-पुण्याच्या घरांत मोठा गुण. किंमत मात्र गेल्या वीस वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत चढली. त्याच रांगेत 'ताकोकाराकुसा' येतं. ताको म्हणजे अष्टपाद. निळ्या वेलीला ऑक्टोपसच्या बाहूंसारखे गोल गोल फाटे. जुन्या कामात कारागीर आधी वेलीची दुहेरी बाह्यरेषा काढून आत रंग भरत. मागणी वाढली तशी एकाच फटकाऱ्यात वेल काढायला लागले. आत भरलेली वेल महाग, फटकाऱ्याची स्वस्त.

आणि 'कुरावान्का' वाडगे, माझी खास आवड. आरिताच्या शेजारच्या हासामीतला जाडजूड, राखाडी, घाईत रंगवलेला गरिबांचा माल. ओसाका आणि क्योतोच्या मधे योदो नदीवर प्रवासी होड्या चालत. हिराकाताजवळ लहान होड्यांतले विक्रेते त्यांना भिडायचे आणि "खाताय की नाही रे!" अशा धाटणीत ओरडून जेवण विकायचे. कुरावान्का हा त्या ओरडण्यातलाच शब्द. अशा फेरीवाल्यांच्या भांड्यांना ते नाव चिकटलं. आतल्या बाजूला तळाशी बिनझिलईचं गोल वळं दिसतं, एकावर एक रचून भाजल्याची खूण. रेल्वे फलाटावरच्या कुल्हडाइतक्याच आदबीने ती वापरली जात असणार, आणि आज ती काचेच्या कपाटात आहेत.

काय घेऊ नये? पहिली पाच वर्षं काकिएमोन, नाबेशिमा आणि जुनी कुतानी या तीन नावाजलेल्या जुन्या प्रकारांच्या वाटेला जाऊ नका. काकिएमोनचा अस्सल सतराव्या शतकातला वाडगा ओसूच्या सतरंजीवर येत नाही. ती दुधी पांढरी माती, तिला 'निगोशिदे' म्हणतात. आरिता ज्या सागा प्रांतात आहे तिथल्या बोलीत निगोशी म्हणजे तांदळाचं धुवण. अगदी तोच रंग. ही कृती अठराव्या शतकात लुप्त झाली आणि काकिएमोन घराण्याच्या बाराव्या-तेराव्या पिढीने ती १९५३ मध्ये पुन्हा साधली. या भांड्यांची नक्कल युरोपात जर्मनीतल्या मायसेन कारखान्याने केली, पॅरिसच्या सॅमसनने केली, खुद्द चिन्यांनी इमारीची नक्कल केली. नाबेशिमा तर त्याच नावाच्या सरदाराने शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाला, भेट द्यायला ओकावाचियामाच्या बंदोबस्तातल्या भट्टीत बनवून घेतलेलं. बैठकीच्या कडीवर फणीच्या दातांसारखी नक्षी असते, आणि नेमकी तीच नकलाकार आधी शिकतात. जुन्या कुतानीबद्दल तर ती कुतानीत बनली की आरितात, यावर विद्वानांचंच एकमत नाही. सात्सुमा मात्र वेगळी: ती मुळात पोर्सेलीनच नाही. मलईच्या रंगाची, बारीक भेगांच्या जाळीची मातीची भांडी ती. आवडली तर घ्या, पण पोर्सेलीन म्हणून नको.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. जपानला पहिल्यांदा गेले तेव्हा एका दुकानातून रंगीत इमारीचा खोल वाडगा घेतला. लाकडी पेटी, पेटीवर झोकदार अक्षरं, आत पिवळं फडकं. दोन महिन्यांचा पगार नाही, पण त्याच्या जवळपास. पुण्यात आल्यावर कोमट पाण्याने धुतला, आणि किनारीवरचा बोटभर तुकडा हाताला साबणासारखा लागला. तिथे मूळ माती नव्हतीच. टवका भरून, वरून रंगवून, चकाकी देऊन बेमालूम केलेलं होतं. पेटीही दुसऱ्याच कुठल्या भांड्याची होती. आतली गोल खाच वाडग्याच्या बुडाशी जुळत नव्हती. ते मी दुकानातच तपासायला हवं होतं. मी पेटीवरची अक्षरं वाचता येतात या आनंदात होते.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये अतिनील किरणांची छोटी टॉर्च असते. अंधारात धरली की दुरुस्तीचं रसायन बहुधा वेगळंच चमकतं. सगळ्याच दुरुस्त्या असं सांगत नाहीत, म्हणून हातही हवा. किनारीवरून डोळे मिटून बोट फिरवा. पोर्सेलीन थंड लागते, भरलेली जागा किंचित कोमट आणि मऊ. आणि टिचकी. माठ घेताना आपल्या आया-आज्या मारायच्या तीच. भांडं तळहातावर सैल ठेवून किनारीला नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे.

विक्रेत्याला विचारायचा शब्द 'किझु', म्हणजे इजा. तो जे सांगेल त्यातले काही शब्द पाठच करा. 'न्यू' म्हणजे केसाएवढी चीर. 'होत्सु' म्हणजे किनारीचा बारीक टवका, 'सोगे' म्हणजे ढलपी उडालेली. 'नाओशी' म्हणजे दुरुस्ती. 'मुकिझु' म्हणजे बिनडागी. आणि 'कामाकिझु', म्हणजे भट्टीतलीच खोड: चिकटलेली राख, सुई टोचल्यासारखं छिद्र, वाकलेली कड. जपानी संग्राहक भट्टीतली खोड दोष धरत नाही. भांडं जन्मतःच तसं आहे, त्याला कोण काय करणार? त्यामुळे चीर असलेलं भांडं बिनडागी भांड्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतं, तर वाकड्या कडेचं पूर्ण किमतीला जातं.

फुटक्या भांड्याचं आपल्याला वावडं. तडा गेलेला कप माझी आई उंबऱ्याबाहेर ठेवायची. म्हणून 'किन्त्सुगी' पाहून आपल्याकडचे लोक एकदम हळवे होतात. जुनं, लाखेने जोडून वर सोन्याची पूड दिलेलं काम सुंदर असतंच. पण हल्ली बाजारात जे दिसतं त्यात बरंच काम झटपट गोंदाचं आणि पितळेच्या पुडीचं असतं. जोड पाहून नव्हे, भांडं पाहून पैसे द्या. जुन्या जपानी घरांत भांडी काचेच्या भुकटीने भाजून जोडत किंवा धातूचे टाके घालत, तीही दुरुस्ती दिसली तर टाळू नका. कुणाला तरी ते भांडं टाकवलं नव्हतं.

एक संचाचं. जपानी संच पाचाचा असतो, आपल्यासारखा सहाचा नाही. चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो, म्हणून चार तर नकोतच. संच मोडून उरलेली दोन-तीन भांडी विक्रेते स्वस्तात देतात. मी गेली कित्येक वर्षं एकेक उचलून स्वतःचे विजोड संच करतेय. जेवायला बसलेले पाहुणे आपापल्या ताटल्या ताडून पाहतात, गप्पांना विषय मिळतो.

डोळा तयार करायचा तर संग्रहालयं बघा. आरिताचं क्युशू सिरॅमिक संग्रहालय अवश्य. तिथे शिबाता दांपत्याने दिलेला दहा हजारांहून अधिक नगांचा संग्रह आहे, दशकादशकांप्रमाणे लावलेला, नक्षी कशी बदलत गेली ते चालता चालता दिसतं. दर वर्षी २९ एप्रिल ते ५ मे तिथे भांड्यांची जत्रा भरते. माल मुख्यतः नवा असतो, पण गाव त्या दिवसांत बघण्यासारखं. निघण्याआधी मुंबईतच काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक दुपार घालवा. टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहात चिनी आणि जपानी वस्तू आहेत. हैदराबादला जाणं झालं तर सालारजंगही. नागोयात नोरिताकेच्या जुन्या कारखान्याच्या जागी त्यांचं संग्रहालय आहे. कंपनी १९०४ मधली, आणि पहिला पाश्चात्त्य जेवणाचा पूर्ण संच त्यांना जमला तो १९१४ मध्ये. दहा वर्षं कशात गेली? मोठी ताटली शुभ्र पांढरी आणि सपाट भाजण्यात. आरिताच्या टेकूंची आठवण ठेवून ते बघा.

कायद्याचं एक महत्त्वाचं. गिरगावच्या ताटल्या सोबत नागोयाला न्यायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाहीत, आणि त्या मूळ जपानी आहेत हे सांगून विमानतळावर सुटका होईल असं समजू नका. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. तिकडून आणताना प्रत्येक खरेदीची पावती ठेवा, तीवर विक्रेत्याकडून काळ लिहून घ्या. शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंना जकातीत स्वतंत्र वर्ग आहे, आणि पावती नसेल तर तुमची 'इनबान' ताटली आणि दुकानातली नवी ताटली यांत अधिकाऱ्याने फरक का करावा?

त्या दुकानदाराला ताटल्या विकू नका. मिंग म्हणून तो जे देईल ते जास्त वाटेल, पण मिंग असल्याची खात्री असती तर त्याने ती तुम्हाला सांगितली नसती. आजच्या बाजारात या जोडीची किंमत काही हजार रुपयांत मोजायची, लाखांत नाही. धुवायच्या असतील तर कोमट पाणी, मऊ फडकं, सौम्य साबण. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही नको. निळा रंग झिलईखाली सुरक्षित आहे, त्याला काही होत नाही, पण लाल आणि सोनेरी झिलईवर कमी आचेत बसवलेले असतात, आणि सोनं तर सगळ्यात आधी जातं. ओव्हनमध्ये कधीही नको.

भिंतीवर लावायला हरकत नाही, पण स्प्रिंगचा तारेचा आकडा वापरू नका. तो चार बाजूंनी किनार सतत ओढत असतो, आणि पहिल्या ताटलीला घड्याळातल्या दोनच्या जागी जी बारीक रेघ फोटोत दिसते, ती मला 'न्यू' वाटते आहे. आधी टिचकी मारून बघा. बद्द वाजली तर ती लाकडी स्टँडवर ठेवा, खाली नमद्याचा तुकडा घालून, आणि खणखणीत वाजणारी दुसरी भिंतीवर जाऊ द्या, पाठीला पाण्याने सुटणाऱ्या गोंदाची कापडी चकती लावून. चकती चिकटवताना ते पाच ठिपके झाकले जातील. त्याआधी त्यांचा एक जवळून फोटो काढून ठेवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, खिडकीच्या तिरप्या उजेडात.